उंची, उतार आणि माती : हिमालयातील सूचिपर्णी वने

सूचि म्हणजे सुई. ज्यांची पाने सुईसारखी, ते सूचिपर्णी वृक्ष. पश्चिम हिमालयात खाली चीड, त्यावर देवदार, त्याहून वर फर असा क्रम सांगितला जातो आणि परीक्षेसाठी तो पाठही केला जातो. तेवढ्यावर थांबू नका.

कुमाऊंमधील सुमारे १,८०० मीटर उंचीचा एकच डोंगर डोळ्यांसमोर आणा. दक्षिण उतारावर ऊन थेट पडते. माती उथळ, खडकाळ, कोरडी. तेथे चीड वाढतो. उत्तर उतार सावलीचा. तेथे ओल टिकते, पालापाचोळा कुजून मातीचा काळा थर जाड होतो आणि बांज हा ओक वृक्ष, त्याच्या आश्रयाने नेचे व शेवाळ अशी दाट वस्ती आढळते. नैनीतालच्या चुनखडीच्या उतारांवर मात्र सुरई उभा दिसतो. उंचीत फारसा फरक नाही. खडक बदलला आहे.

झाडेही परिसर घडवतात. चिडाच्या वाळलेल्या सुया, म्हणजे तिकडचा ‘पिरूल’, सावकाश कुजतात आणि उन्हाळ्यात चटकन पेटतात. जाड सालीचा चीड वणव्यातून तगतो. बांजाची कोवळी रोपे जळून जातात. चारा-सरपणासाठी बांज तोडला गेला, की मोकळी जागाही चीडच घेतो. त्यामुळे उत्तर उतारावर चीड दिसल्यास केवळ मातीचे परीक्षण पुरेसे नाही. तेथे पूर्वी कोणते वन होते, हे गवत-सरपण आणणाऱ्या गावातील वृद्ध स्त्रियांना आधी विचारावे.