शिल्लक धान्याचे कोडे

सरकारी गुदामांत धान्य साठले, की देशात सुबत्ता आली असे मानण्याची आपली रीत आहे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि १९६५-६६ ची परदेशी गव्हावरची भिस्त ज्यांना आठवते, त्यांना असे वाटणे स्वाभाविकही आहे. तथापि जुलै २००२ मध्ये भारतीय अन्न महामंडळ व राज्य सरकारे यांच्याजवळ सुमारे ६ कोटी ३० लाख टन गहू व तांदूळ होता. त्या महिन्यासाठी ठरलेले राखीव साठ्याचे प्रमाण २ कोटी ४३ लाख टनांचे होते. जास्तीचे धान्य सर्वांना सारखे वाटले असते, तर माणशी जवळजवळ ३८ किलो आले असते. आणि याच सुमारास उपासमारीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता! त्यासंबंधीची याचिका एप्रिल २००१ मध्ये दाखल झाली होती.

हे घडले कसे? पंजाब व हरियाणातील बाजारांत सरकार हमीभावाने येईल तेवढा गहू व तांदूळ घेत असे. नव्वदच्या दशकात हे भाव भराभर वाढले. भाव पडल्यास शेतकऱ्याला आधार मिळावा, हा मूळ हेतू योग्यच होता. परंतु आधाराचा भाव बाजारभावाच्या वर गेला, की सरकार हेच मोठे गिऱ्हाईक होऊन बसते, आणि धान्य विकत घेणाऱ्याला तोच भाव भरावा लागतो. हा घेणारा नेहमी शहरातलाच असतो असे नाही. भूमिहीन मजूर वर्षभर धान्य विकतच घेतो. सुगीला देणी भागवण्यासाठी धान्य विकणारा लहान शेतकरीही पावसाळ्यात दुकानाच्या दारी उभा असतो.

दुसरीकडे, १९९७ पासून शिधापत्रिकाधारकांची दारिद्र्यरेषेखालील व रेषेवरील अशी विभागणी झाली. २००० साली रेषेवरील कुटुंबांसाठी दर संपूर्ण आर्थिक खर्चाइतका करण्यात आला. या खर्चात खरेदी, वाहतूक, गोणपाट, गुदामभाडे, व्याज, नासधूस असे सारे येते. साहजिकच शिधावाटप दुकानातला गहू खुल्या बाजाराहून स्वस्त उरला नाही, आणि लोकांनी तो उचलणे सोडले. उचल घटली म्हणून साठा वाढला. साठा वाढला म्हणून तो सांभाळण्याचा खर्च वाढला. काटकसरीसाठी योजलेल्या उपायाने अनुदानाचा बोजा कमी झाला नाही, तो केवळ ग्राहकाकडून गुदामाकडे वळला. शिवाय ज्यांची नावे चुकीने यादीबाहेर राहिली, ते गरीब असूनही रेषेवरचे ठरले.

त्यानंतर साठा हलका करण्यासाठी जे धान्य निर्यातदारांना देण्यात आले, त्याचा दर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना लावलेल्या दराच्या आसपास होता. रेषेवर ढकलल्या गेलेल्या मजुराला मात्र तो दर नव्हता. २००२ मध्ये पाऊस सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी पडला. पुढे साठा ओसरला, आणि २००६-०७ मध्ये देशाने जवळपास ५५ लाख टन गहू आयात केला.

शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि गरिबाने द्यायचा दर यांची गाठ २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बऱ्याच अंशी सोडवली. माणशी दरमहा ५ किलो धान्य, तांदूळ ३ रुपये व गहू २ रुपये किलो, असे दर ठरले. जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य झाले. डाळ, तेल व भाजीपाला मात्र हे कुटुंब आजही बाजारभावानेच घेते.