गाडी किती देते? नव्हे, गाडी किती घेते!

कुणाकडे नवी कार आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "किती देते?" लिटरला सोळा म्हटलं की आपण खूश! पण ती घेते किती, हे कुणी विचारत नाही. फायनल इयरची मंडळी प्लेसमेंट होताच कारलोनच्या गप्पा मारतात, म्हणून हे गणित आत्ताच मांडूया.

समजा, पेट्रोल कारची शोरूम किंमत ७ लाख आहे. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या अशा खाजगी कारला ११ टक्के वाहनकर, म्हणजे ७७ हजार. नोंदणी वगैरे धरून ७ लाख ८० हजार. विमा उतरवताना चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. आपणही पाच वर्षांनी ३ लाख ५० हजार परत येतील असं धरू. म्हणजे ४ लाख ३० हजार गेले!

आता वर्षाला १०,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरून वार्षिक खर्च बघा (विमा, पार्किंग आणि सर्व्हिसिंगचे आकडे अंदाजे आहेत) :

घसारा : ८६,०००
अडकलेल्या पैशांचं व्याज (सरासरी रकमेवर ७ टक्के) : ४०,०००
विमा : २०,०००
पार्किंग : १२,०००
पेट्रोल : ६५,०००
सर्व्हिसिंग, टायर : १७,०००
एकूण : २,४०,०००

म्हणजे किलोमीटरला २४ रुपये! त्यात पेट्रोल फक्त साडेसहा रुपयांचं.

पहिल्या चार ओळी म्हणजे आपल्या इकॉनॉमिक्सच्या पेपरातली फिक्स्ड कॉस्ट. गाडी धूळ खात उभी असली तरी हे १,५८,००० जाणारच. म्हणून वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरलात तर किलोमीटरला सुमारे ४० रुपये पडतात, २०,००० फिरलात तर १६. थोडक्यात, गाडी कमी वापरली की पैसे वाचतात, पण प्रत्येक किलोमीटर महाग होतो. ज्याला रविवारीच गाडी लागते, त्याला रिक्षा-टॅक्सी स्वस्त पडू शकते.

आता आपली हॉस्टेलची टीटीएमएम ट्रिप घ्या. पुणे-महाबळेश्वर जाऊन-येऊन साधारण २४० किलोमीटर. आपण पाच जण पेट्रोलचे १,५६० रुपये वाटून घेतो आणि हिशोब मिटला म्हणतो. पण गाडी आणणाऱ्या मित्राची सर्व्हिसिंग आणि टायरची झीज आणखी चारशेची झालेली असते. घसारा, विमा तर सोडूनच द्या. बिचारा मैत्रीखातर बोलत नाही! पुढच्या वेळी निदान ते चारशे तरी वाटून घ्या.

दोन नियम लक्षात ठेवा. गाडी दारात असेल तर आजच्या फेरीसाठी पेट्रोल आणि झीज, म्हणजे आठ-सव्वाआठ रुपयेच मोजा, कारण बाकीचे गेलेच आहेत. पण घ्यायची की नाही हे ठरवताना पूर्ण २४ रुपये मोजा. शोरूमवाला तुम्हाला फक्त हप्ता सांगेल. वरचा तक्ता मात्र तुम्हालाच भरायचा आहे, आणि तोही सही करण्यापूर्वी!