गंभीर आजारी माणूस आणि त्याचा डॉक्टर



इस्पितळात कोणा आजाऱ्याला भेटायला गेले की बाहेरच्या बाकावर आपल्या लोकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. डॉक्टर आला, उभ्याउभ्याच बोलला, संगणकात काही पाहिले आणि निघून गेला. आईच्या हाताला हातसुद्धा लावला नाही. दुखणे साधे होते तोवर हाच डॉक्टर हसून बोलत असे; आजार जड झाला आणि त्याची पावले खोलीकडे वळेनाशी झाली. ही तक्रार खोटी नाही. परंतु असे का होते याचा थोडा अभ्यास केला तर त्याच डॉक्टरशी कसे बोलावे हेही उमगते, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

डॉक्टरची सारी तालीम रोग बरा करण्याची असते. जो रोग बरा होणार नाही तो त्याला आपला पराभव वाटतो आणि पराभवाच्या जागी वारंवार जावे असे कोणालाच वाटत नाही. त्यात भर जुन्या शिकवणुकीची. विल्यम ऑस्लर या नामांकित वैद्याने १८८९ साली फिलाडेल्फियाच्या विद्यार्थ्यांपुढे भाषण करताना समचित्तता हा डॉक्टरचा मोठा गुण म्हणून सांगितला. गुण खराच, शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात भावनेने कापू लागला तर कसे चालेल? पण पुढच्या पिढ्यांनी त्यातला कोरडेपणा तेवढा उचलला असे आम्हांस वाटते.

या कोरडेपणाखाली काय दडलेले असते हे दाखवणाऱ्या दोन पाहण्या ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. १९६१ साली शिकागो येथे डोनाल्ड ओकेन यांनी दोनशेहून अधिक डॉक्टरांना विचारले की, कर्करोग झाला आहे हे तुम्ही रोग्याला सांगता काय? शेकडा ९० जणांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ साली अशाच प्रश्नाला शेकडा ९७ डॉक्टरांनी सांगणे पसंत आहे असे उत्तर दिले. अठरा वर्षांत पारडे पूर्ण फिरले. सांगावे हे ठरले खरे. पण कसे सांगावे आणि सांगून झाल्यावर स्वतःच्या मनाचे काय करावे, हे शिकवायला वैद्यकीय शाळांना आणखी बराच काळ लागला.

दुसरी पाहणी आम्हांला अधिक बोलकी वाटते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिकागोच्याच ३४३ डॉक्टरांना, अखेरच्या शुश्रूषेसाठी दाखल झालेले त्यांचे रोगी किती काळ जगतील याचा अंदाज विचारला गेला. रोगी होते ४६८. पाचांतला एकच अंदाज बरोबर ठरला. चुकलेल्यांत बहुतेकांनी काळ वाढवून सांगितला होता, आणि एकंदर अंदाज प्रत्यक्षाच्या पाचपटीहून अधिक निघाले. विशेष म्हणजे डॉक्टर आणि रोगी यांची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज चुकण्याचा संभव जास्त. ज्याला आपण दगड समजतो त्याच्या हिशेबात अशी माया शिरते. आपल्या माणसाचे वाईट त्यालाही दिसत नाही.

आता झिजण्याविषयी. नोकरीतील ताणाने माणूस आतून रिता होतो त्याला हिब्रूत 'शहिका' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ घासले जाणे, झिजणे. आपल्या मराठीत झिजणे हे चंदनाचे भूषण मानले आहे, पण सहाण झिजते तिची विचारपूस कोणी करीत नाही. १९७४ साली न्यूयॉर्कचे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी या स्थितीवर लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची तीन लक्षणे नोंदविली: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन दूर जाणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटना हिला रोग म्हणत नाही. कामाच्या जागी उपजणारी अवस्था म्हणते. शाळेत आयुष्य घालवलेल्या आम्हांस ही लक्षणे शिक्षकांच्या खोलीतही पाहिल्याचे आठवते. मात्र शिक्षकाचा चुकलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसतो.

उपाय शोधणाऱ्यांत आपल्याच लोकांपैकी एक होते, बुडापेस्टचे मायकेल बालिंट. १९३९ साली ते इंग्लंडला आले आणि पुढे लंडनमध्ये घरगुती डॉक्टरांना एकत्र बसवू लागले. औषधांची चर्चा करण्यासाठी हे बसणे नव्हते. ज्या रोग्याची आठवण घरी जाऊनही सुटत नाही, ज्याचा राग येतो किंवा ज्याला पाहून रडू येते, त्याच्याविषयी बोलण्यासाठी होते. अशा मंडळींना आजही बालिंटचेच नाव आहे आणि त्या इस्राएलमध्येही भरतात.

लंडनच्याच सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका. मरणाऱ्यांची सेवा करण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली तेव्हा नॉर्मन बॅरेट या शल्यवैद्याने सल्ला दिला की, आधी डॉक्टर व्हा, कारण अशा रोग्याला सोडून जातात ते डॉक्टरच. १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर ही संस्था उघडली. तिच्यासाठी पहिली देणगी, पाचशे पौंड, १९४८ साली एका मरणासन्न ज्यू रोग्याने मागे ठेवली होती. तो वॉर्सोहून आलेला, एकाकी. सॉन्डर्स त्याच्याशी बसून बोलत असत. तुमच्या घरातली एक खिडकी मी होईन, असे त्याने सांगितले होते.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या अनेक वडीलधाऱ्यांचे हिब्रू बाजारापुरते आणि कुपत होलिमच्या खिडकीपुरते. मोठ्या दुखण्यात मुलगा किंवा नात दुभाषी होते. मुलगा दाराबाहेरच डॉक्टरला गाठून सांगतो, आईला काही सांगू नका, ती खचेल. मग आत जाऊन डॉक्टर पाच मिनिटे बोलतो आणि मुलगा मराठीत म्हणतो, "गोळ्या चालू ठेवा म्हणतात." पाच मिनिटांची चार शब्दे झाली हे डॉक्टरला समजते, आणि आईलाही. हिब्रूत कुजबुजल्याने काही लपत नाही, कारण 'सरतान' हा शब्द आता साऱ्या आज्यांना ठाऊक आहे. हिब्रूतला सरतान आणि मराठीतला कर्क दोन्ही म्हणजे खेकडाच!

डॉक्टरची कोंडी इथे होते. १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याप्रमाणे रोगाची व उपचाराची माहिती रोग्याला देणे त्याला भाग आहे. ती रोखायची तर रोग्याला गंभीर अपाय होईल असे नीतिसमितीने मान्य करावे लागते. मुलाच्या विनंतीने ते होत नाही. एकीकडे कायदा, दुसरीकडे पाया पडणारा मुलगा, मध्ये भाषा न कळणारी आई. असा डॉक्टर नजर चुकवू लागला तर नवल कसले? ऐकायचे नाही हा हक्क आईचा आहे, तो मुलाने परस्पर वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी तिलाच विचारावे: आई, डॉक्टर सांगतील ते सगळे तुला ऐकायचे आहे, की माझ्याशी बोललेले चालेल? हा प्रश्न मराठीत विचारावा आणि उत्तर तिच्यासमोर डॉक्टरला सांगावे. शक्य तर दुभाष्याचे काम पोटच्या मुलाकडे, त्यातही लहान नातवंडाकडे, देऊ नये. शेजारचा जाणता मराठी माणूस बरा.

डॉक्टरला "किती दिवस?" असे विचारण्यात अर्थ थोडा, वरची पाहणी आठवावी. पुढच्या महिन्यात काय काय होऊ शकते, दुखणे व धाप यांवर काय करता येईल, कोणता उपचार थांबवला तरी चालेल, हे विचारावे. यांची उत्तरे त्याच्यापाशी असतात आणि देताना त्यालाही हलके वाटते. दुखणे, मळमळ, झोप, भीती यांकडे पाहणाऱ्या शुश्रूषेची मागणी लवकर करावी. २०१० साली बोस्टनच्या अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांपैकी निम्म्यांना ती सुरुवातीपासून दिली गेली. त्यांचे दिवस अधिक बरे गेले, आणि ते सरासरीने अडीच महिन्यांहून थोडे अधिकच जगले. इस्राएलच्या २००५ च्या मरणासन्न रुग्ण कायद्यातही या शुश्रूषेची तरतूद आहे, ती रोग्यासाठी आणि घरच्यांसाठीही.

आणि निघण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे: रात्री दोन वाजता दुखू लागले तर फोन कोणाला करायचा? तो नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फ्रीजच्या दारावर लावावा, आणि खाली कोणाचा ते मराठीत लिहावे.