सहा जणी आणि एक नौका

इटियाडोहच्या पाण्यावर ज्यांनी डोंगा चालवला आहे, त्यांना पाणी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. वारा सुटला की धरणाच्या पाण्यावरही लाटा उठतात. जाळे एकट्याने ओढवत नाही. एकाने डोंगा सांभाळायचा, दुसऱ्याने जाळे ओढायचे. पण येथे एक सोय आहे. कुठेही गेलात तरी काठ दिसतो. रात्री घरी येऊन भात खाता येतो.

आता असे पाणी मनात आणा, की जिथे चाळीस-चाळीस दिवस काठच दिसत नाही. वर आभाळ, खाली पाणी. डोंग्याऐवजी एक शिडाची नौका. आणि नौकेवर सहा बायका. ही कहाणी नव्हे. घडलेली गोष्ट आहे.

त्या नौकेचे नाव तारिणी. ओडिशात तारातारिणी देवीचे देऊळ आहे. त्या देवीवरून हे नाव ठेवले. नौका आपल्या शेजारच्या गोव्यात बांधली. लांबी ५५ फूट. बैल जुंपलेल्या तीन बंड्या एकामागे एक उभ्या केल्या, तर साधारण तेवढी. २०१७ साली ती भारतीय नौदलाकडे आली.

सहाही जणी नौदलात अधिकारी. वर्तिका जोशी या प्रमुख. बाकीच्या प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, बी. ऐश्वर्या, एस. विजयादेवी आणि पायल गुप्ता. कोणी उत्तराखंडची, कोणी हिमाचलची, कोणी आंध्राची, कोणी तेलंगणाची, तर कोणी दूर मणिपूरची. घरची बोली वेगळी, ताटातले जेवण वेगळे. अशा सहा जणींनी एका लहानशा जागेत आठ महिने काढायचे होते.

त्यांना शिकवणारा गुरू मात्र मराठी माणूस होता. कॅप्टन दिलीप दोंदे. २००९-१० साली त्यांनी म्हादेई नावाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई ही तारिणीची थोरली बहीण म्हणा ना! तीही गोव्यातच बांधलेली. या मुली आधी म्हादेईवर शिकल्या. तिच्यातून त्या मॉरिशसला गेल्या, आफ्रिकेच्या टोकाला केप टाऊनपर्यंत गेल्या, आणि मगच मोठ्या प्रवासाला निघाल्या.

पृथ्वीप्रदक्षिणेचेही नियम आहेत. जिथून निघाला तिथेच परत यायचे. पृथ्वीच्या मध्यावर जी रेघ मानली आहे, तिला विषुववृत्त म्हणतात. ती रेघ दोनदा ओलांडायची. जवळची वाट म्हणून कालव्यातून जायचे नाही. नौका शिडावर, वाऱ्यावरच चालली पाहिजे. आणि कमीत कमी २१,६०० सागरी मैल अंतर झाले पाहिजे. हा आकडा कुठून आला? हिशेब सोपा आहे. पाटीवर करून पाहा. वर्तुळाचे अंश ३६०. पृथ्वीच्या घेरावर एका अंशाचे सागरी मैल ६०. गुणाकार करा. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. म्हणजे सारे अंतर सुमारे ४०,००० किलोमीटर झाले.

१० सप्टेंबर २०१७ रोजी तारिणी गोव्याहून निघाली. आपल्याकडे धान पोटरीला येण्याचे ते दिवस. ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल हे पहिले बंदर २३ ऑक्टोबरला आले. त्या साली दिवाळी १९ ऑक्टोबरला होती. म्हणजे दिवाळी पाण्यावरच झाली. पुढे न्यूझीलंडचे लिटलटन. तिथून सर्वांत मोठा टप्पा. पॅसिफिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, हॉर्न भूशिराला वळसा घालायचा. या टप्प्याला सुमारे ४१ दिवस लागले. थंडी हाडे गोठवणारी. वाटेत मोठे वादळ झाले. घराएवढ्या लाटा. अशा वेळी माणूस स्वतःला दोराने नौकेला बांधून घेतो, मगच वर काम करतो. हात सुटला तर दोर राहतो. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी हॉर्न भूशीर मागे टाकले आणि त्या फॉकलंड बेटांना पोचल्या.

नौका रात्री थांबत नाही. बैल सोडून झाडाखाली निजावे, तसे समुद्रात नसते. म्हणून पहाऱ्याची पाळी असते. जहाजावर साधारणपणे चार तासांची पाळी लावतात. एकजण वर पहारा देते, तेव्हा दुसरी खाली झोपते. झोपणारीचा जीव जागणारीच्या हातात असतो. वरच्या बाईला डुलकी लागली, तर खालच्या कुणाची धडगत नाही. आता पाळी संपली. बाहेर पाऊस, अंग ओलेचिंब, बदली येणारीला उठायला उशीर होतो आहे. किती उशीर? दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांवरून सख्ख्या बहिणींत अबोला होतो!

माझे मत असे की, वादळात भांडण होत नाही. वादळात सारे एक होतात. भांडण होते ते वादळ सरल्यावर. रोवणीचे शेवटचे दिवस आठवा. सुरुवातीला गाणी म्हणत बाया वाकून पऱ्हे लावतात. शेवटची बांधी राहिली की कंबर मोडलेली असते. मग एकीचा हात मंदावला की दुसरी टोचून बोलते. काम थोडे उरते, आणि तोंड सुटते. लांबच्या प्रवासाचेही तसेच आहे.

तारिणीच्या शेवटच्या टप्प्यातच मोठी अडचण आली. केप टाऊनहून त्या १४ मार्च २०१८ रोजी निघाल्या. आता थेट गोवा. घरची ओढ लागलेली. आणि मॉरिशस बेटाच्या बाजूला सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. सुकाणू म्हणजे नौका वळवायचे साधन. बंडीला बैल आहेत, पण कासरा तुटला, तर काय होईल? शिडात वारा आहे, पण नौका कुठे जाईल याचा भरवसा नाही. अशा वेळी ‘पाळी कोणाची होती?’ हा प्रश्न फार लवकर ओठावर येतो. त्याने सुकाणू दुरुस्त होत नाही. एकीने हातात हत्यार धरायचे, दुसरीने दिवा, तिसरीने वारा पाहायचा, आणि कुणीतरी चूल पेटती ठेवायची.

ठरवलेल्या प्रवासात चारच बंदरे होती. मॉरिशस त्यात नव्हते. तरी हट्ट न करता त्यांनी एप्रिल महिन्यात तिथल्या पोर्ट लुई बंदरात नौका नेली. दुरुस्ती केली. दिवस लांबले, पण सहाही जणी सुखरूप राहिल्या. मला त्यांचे हे थांबणे हॉर्न भूशिरापेक्षा मोठे वाटते. जाता जाता सांगतो, त्या मॉरिशसमध्ये फार वर्षांपूर्वी कोकणातून मजुरीला गेलेल्या लोकांची मराठी कुटुंबे आजही नांदतात. तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

समुद्रावरचे हे नाते एका नौकेपुरतेच नसते. २०१८ साली एकट्या खलाशांची जगप्रदक्षिणेची शर्यत होती. नौदलाचे अभिलाष टॉमी तिच्यात होते. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरात वादळ झाले. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. त्यांना उठताही येईना. त्याच शर्यतीतला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन जवळ होता. त्याचीही डोलकाठी मोडलेली. तरी त्याने तुटक्या सामानाची जोडाजोड करून टॉमींच्या दिशेने नौका वळवली. शर्यतीत तो टॉमींचा प्रतिस्पर्धी, बरे का! तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने टॉमींना उचलले, मग मॅकगकिनलाही घेतले. पुढे तीच शर्यत २०२२ साली पुन्हा सुरू झाली. टॉमी तिच्यात उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

तारिणी दुसऱ्यांदा विषुववृत्त ओलांडून २१ मे २०१८ रोजी गोव्याला परत आली. २५४ दिवस झाले होते. त्यांतले बहुतेक पाण्यावर. संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्यांना निरोप दिला होता, त्याच धक्क्यावर घ्यायलाही आल्या. सहा जणी निघाल्या, सहा जणी उतरल्या.

नौका मात्र बसून राहिली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी तारिणी पुन्हा पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. या वेळी तिच्यावर दोघीच होत्या, दिलना के. आणि रूपा ए. २९ मे २०२५ रोजी त्या गोव्याला परतल्या. दिवसाचे तास २४, माणसे दोन, आणि नौका रात्रीही चालू. त्यांनी पाळी कशी लावली असेल? शेजाऱ्याला सोबत घेऊन पाटीवर मांडून पाहा.