एचटीएमएल पानांतील नावे वेचताना

माजी विद्यार्थ्यांची सूची सिद्ध करण्यासाठी आम्ही वसतिगृहाच्या जुन्या एचटीएमएल पानांतील नावे संगणकाकरवी वेचली. प्रत्येक नाव तक्त्याच्या एकेका चौकटीत होते आणि चौकटीचा आरंभ ‘टीडी’ या टॅगने होत असे. तो टॅग हुबेहूब शोधणारे रेग्युलर एक्स्प्रेशन आम्ही लिहिले. सूची तयार झाली; परंतु नोंदवहीशी ताडून पाहता दिवंगत विद्यार्थ्यांचे एकही नाव तीत नव्हते! त्यांच्या चौकटी करड्या असल्याने टॅगमध्ये रंगाचा उल्लेख अधिक होता. आमचा नमुना तेथे जुळलाच नाही, आणि चुकीची सूचनाही मिळाली नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशन अक्षरांचा क्रम पाहते. पार्सर पानाची रचना जाणतो. तक्ता, त्यातील ओळ, ओळीतील चौकट असा वृक्ष तो उभा करतो. टॅगला कोणताही गुणधर्म जोडलेला असो, चौकट ती चौकटच. पायथनमधील ‘ब्यूटिफुल सूप’ या साधनाने सारी नावे हाती आली. चौकटीतील मजकुरातून चार अंकी वर्ष वेगळे काढण्यास मात्र रेग्युलर एक्स्प्रेशनच सोयीचे ठरले.

ऐकीव गोष्ट पारखूनच स्वीकारावी, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश येथेही लागू पडतो. यंत्राने दिलेली सूची मूळ नोंदवहीशी ताडल्याविना छापू नये.