टाकी गेली की गिझर गेला

गिझर बिघडला की घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे नवऱ्याचं म्हणणं असतं की वस्तू दुरुस्त होतेय तोवर काढायची नाही. सासूबाई म्हणतात, एकदा उघडलेली वस्तू पुन्हा धड होत नाही, नवीन आणा. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण निर्णय घ्यायचा तो गिझरचा नेमका कोणता भाग गेलाय ते पाहून, आणि तेवढंच कुणी पाहत नाही.

आम्ही पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. महापालिकेचं पाणी थोडा वेळ येतं, बाकीची मदार बोअर आणि टँकरवर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचा आकडा त्याही पुढे. असं पाणी तापलं की त्यातला क्षार कॉइलवर बसतो. बादलीला पांढरी कड दिसते तेव्हा कॉइलची अवस्था त्याहून वाईट असते, इतकं धरून चालावं.

एका हिवाळ्यात ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायला लागला. आधी कधीमधी, मग रोज, आणि दर वेळी गिझर लावल्यावर थोड्या वेळानं. मी ऑफिसात असताना इलेक्ट्रिशियन येऊन गेला. "काका, ईएलसीबी म्हातारा झालाय, डायरेक्ट करून देतो," असं सासऱ्यांना सांगून त्यानं तो चक्क बायपास केला आणि पैसे घेऊन गेला. दिवे जाणं थांबलं, घरात सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सासूबाई आंघोळीहून आल्या आणि म्हणाल्या, "नळाला हात लावला की मुंग्या येतात गं."

मी मेन स्विच बंद केला आणि दुसरा माणूस बोलावला. त्यानं उघडून दाखवलं ते प्रत्येकानं एकदा पाहावं. कॉइल म्हणजे धातूची नळी. आत तापणारी तार आणि तिच्याभोवती वीज बाहेर येऊ नये म्हणून ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. वर क्षाराचं जाड कवच बसल्यानं नळीची उष्णता पाण्यात नीट जात नव्हती. ती आतल्या आत जास्त तापून चिरली होती आणि पाणी पुडीपर्यंत पोहोचलं होतं. वीज पाण्यात गळत होती. त्यात सॉकेटमधली अर्थिंगची तार सैल. म्हणजे गळणाऱ्या विजेला जमिनीत जायची सरळ वाटच नव्हती.

इथे एमसीबी कामाचा नाही. दोन हजार वॅटचा गिझर चालू असताना नऊएक अँपिअर ओढतो, आणि एमसीबी त्याहून कितीतरी जास्त करंट गेला तरच पडतो. घरातला ईएलसीबी मात्र ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच पडायला बनवलेला असतो. तेव्हा तो पडायला लागला की गिझरचा प्लग काढा आणि ईएलसीबी वर करा. दिवसभर टिकला तर दोष गिझरचा. प्लग काढूनही पडत असेल तर वायरिंग तपासा, ईएलसीबी तपासा, खराब निघाला तर नवा बसवा. पण तो काढून डायरेक्ट जोडणी करून देणाऱ्याला घराबाहेरचा रस्ता दाखवा. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, तेही महिन्यातून एकदा दाबून पाहावं. मी सोसायटीच्या समितीवर आहे; कित्येक घरांत ते बटण कशासाठी आहे हेच ठाऊक नाही.

तर कॉइल जळली म्हणून गिझर फेकायचा नसतो. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, वायसर, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सगळे बदलायचे भाग आहेत. पाणी गरमच होत नाही, किंवा नळातून वाफ येईपर्यंत तापतं, ही लक्षणं घाबरवणारी असली तरी गिझर बंद ठेवून एका फेरीत मिटणारी आहेत. आमचीही कॉइल बदलली. मात्र त्याच वेळी फ्लँजवर, म्हणजे कॉइल बसते त्या झाकणावर, एक बारीक, खाल्ल्यासारखी तार लोंबत होती. मी विचारलं, हे काय? "काही नाही मॅडम, चालतंय," म्हणत त्यानं ती तशीच आत घातली.

तो ॲनोड रॉड होता. मॅग्नेशियमचा हा दांडा टाकीऐवजी स्वतः गंजून संपण्यासाठीच बसवलेला असतो. तो आहे तोवर पोलादी टाकी वाचते. दांडा संपला की आतल्या इनॅमलच्या लेपाला जिथे बारीक चीर असेल तिथून पाणी टाकी खायला लागतं. दांडा फार महाग नसतो, तरी कंपनीचा माणूस स्वतःहून त्याचं नाव काढत नाही. का काढत नाही याबद्दल माझं मत आहे, पण ते राहू दे.

पुढच्या हिवाळ्यात सकाळच्या पहिल्या बादलीत तांबूस पाणी आलं. गार पाणी स्वच्छ आणि गरम तेवढं तांबूस असेल तर गंज गिझरमध्ये आहे. दोन्ही तांबूस असतील तर पाइप किंवा गच्चीवरची टाकी बघा. नंतर बाहेरच्या कवचाच्या तळातून थेंब पडू लागले. आता इथे घाई करू नये, कारण प्रत्येक थेंब टाकीचा नसतो. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की पाव लिटरहून जास्त फुगतं, आणि ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपकू शकतं. तापताना टपकून नंतर थांबत असेल तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. ते टपकणं बंद करायला तिथे बूच मारू नका. जोडाच्या नटाशी ओल असेल तर वायसर. पण गिझर बंद असतानाही तळाच्या झाकणातून पाणी झिरपतं आणि जोड कोरडे आहेत, तर टाकी गेली. कोपऱ्यावरचा एक वेल्डर "टाका मारून देतो" म्हणाला होता. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा लेपच तडकतो, म्हणजे एक भोक बुजवून चार नवी तयार करायची. आम्ही गिझर काढला.

नवऱ्याला हळहळ होती ती वर्षभरापूर्वीच्या कॉइलची. टाकीची वॉरंटी संपलेली असताना कॉइल गेली, तर पैसे घालण्याआधी फ्लँज उघडून टॉर्चनं आत बघायला सांगा. भिंत काळपट-पांढरी असेल तर दुरुस्त करा. तांबडे फोड दिसले तर तेच पैसे नव्या गिझरकडे वळवा. नुसतं वय विचाराल, तर जड पाण्यात आठ-दहा वर्षांनंतर मी मोठा खर्च करणार नाही. बिसलेरीसारखं पाणी असलेल्यांनी माझं ऐकू नये.

नुसतं बिल वाढलं म्हणूनही काढू नका. क्षार बसला तरी कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. क्षारानं कॉइल मरते, युनिट फारसे वाढत नाहीत. २५ लिटरला वर सांगितलेल्या तापमानाला सव्वा युनिटच्या आसपास वीज आणि पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. बिल त्याहून फार दिसत असेल तर बटण दिवसभर चालू राहतंय का ते बघा. स्टार जास्त असले की टाकीतली उष्णता कमी वाया जाते, पण आंघोळीआधी लावून लगेच बंद करणाऱ्या घराला त्याचा फायदा थोडाच.

नवा घेताना दाब बघा. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार. उंच इमारतीच्या खालच्या मजल्यावर गच्चीवरच्या टाकीचा सगळा दाब येतो, तिथे आठ बारचाच घ्या. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल, तर तो जुना की नवा हा प्रश्नच नाही. आजच बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या मृत्यूंच्या बातम्या येतात.

बसवताना जुना सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जुने कनेक्शन पाइप परत लावू देऊ नका, अर्थिंग तपासून घ्या, आणि तारीख मार्करनं गिझरच्याच अंगावर लिहा, कारण वॉरंटी कार्ड वेळेवर सापडत नाही. बोअरचं पाणी असेल तर वर्षभरानं ॲनोड रॉड काढून बघायला लावा, निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला. "चालतंय मॅडम" असं उत्तर आलं, तर दांडा हातात घेऊन स्वतः बघा.