रोपं लावण्याआधी खुंट मोजा : परभणीच्या माळावर जंगल राखून पोट कसं भरेल?

जिंतूरहून येलदरी धरणाकडे जाताना मुरमाड टेकड्या लागतात. एप्रिल-मेमध्ये त्या इतक्या उघड्या पडलेल्या असतात, की इथे कधी झाडं होती यावर विश्वास बसत नाही. मृगाचा पाऊस पडून पंधरा दिवस झाले की त्याच टेकडीवर चढून पाहा. कुऱ्हाडीने तोडलेल्या पळसाच्या खुंटाला कोवळे कोंभ आलेले असतात. शेळ्यांनी वर्षानुवर्षं खुडलेली टेंभुर्णी गुडघाभर उंचीवर तग धरून असते. सीताफळ तर कुणी न लावता दगडांच्या सांदीतून वर येतं. वरचं झाड गेलं, तरी खालचं मूळ मेलेलं नसतं.

हे जंगल उष्णकटिबंधीय शुष्क पानगळीचं आहे. आठ-नऊ महिने कोरडे काढायची आणि तोडलं तरी मुळातून फुटायची त्याला सवय आहे. परभणी जिल्ह्याचं वनाच्छादन एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वन नीतीने देशासाठी एक तृतीयांशाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काळ्या जमिनीवर जंगल परत येणार नाही आणि यावं अशी अपेक्षाही नाही. जिंतूरच्या टेकड्या, गंगाखेडच्या बाजूचे बालाघाटाचे उतार आणि गावोगावची बरड गायरानं मात्र आपल्या हातात आहेत. त्यांच्यावर तांड्यावरची कुटुंबं, धनगर, आंध आदिवासी आणि भूमिहीन मजूर जगतात. म्हणून पुढचा कार्यक्रम झाड आणि माणूस या दोघांना धरून मांडला आहे.

पहिली पायरी : जमीन कोणाची, ते कागदावर पाहा

तलाठ्याकडे गाव नकाशा आणि दोन नोंदवह्या मागा. गाव नमुना एक-अ मध्ये वनजमिनींची नोंद असते, तर एक-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची. अतिक्रमणं एक-ई मध्ये सापडतात. गटनंबर नकाशावर रंगवून घ्या.

जमीन वनखात्याची असेल तर दोन वाटा आहेत. पहिली वाट संयुक्त वन व्यवस्थापन समितीची. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव घेऊन तालुक्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा. दुसरी वाट वन हक्क कायदा, २००६ प्रमाणे सामूहिक वन हक्काच्या दाव्याची. गायरान असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावापासून सुरुवात होते.

वन हक्काचा दावा करायचा असेल तर ग्रामसभेतून १० ते १५ जणांची वन हक्क समिती निवडावी लागते. तीत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात, आणि गावात अनुसूचित जमाती असतील तर किमान दोन तृतीयांश सदस्य त्यांचे. या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची गणपूर्ती लागते. सामूहिक वनसंपत्तीवरचा दावा नमुना 'क' मध्ये भरतात. तो ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे जातो.

आपल्याकडे खरी अडचण पुराव्याची येते. अनुसूचित जमातीत नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. तो काळ १९३० पर्यंत, निजामाच्या राजवटीत जातो. तेव्हाचे कागद उर्दू किंवा मोडीत असतात, म्हणून वाचणारा माणूस आधी शोधा. १९५४-५५ चं खासरा पत्रकही पाहा. ते १९३० इतकं जुनं नसलं तरी वहिवाटीची साखळी जोडायला उपयोगी पडतं. दाव्यासोबत एकाहून अधिक पुरावे द्यावे लागतात, आणि दावेदार नसलेल्या गावातल्या वृद्धाचा लेखी जबाबही कायद्याने पुरावा ठरतो. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब आजच लिहून घ्या.

दुसरी पायरी : शिवारफेरी काढा, खुंट मोजा

ही फेरी जूनअखेरीस किंवा जुलैत काढा, कारण तेव्हा कोंभ दिसतात. सोबत मेंढपाळ, सरपण आणणाऱ्या बायका आणि एक-दोन जुनी माणसं हवीत. टेकडीच्या पायथ्याला, मध्यावर आणि माथ्यावर दोरीने १० मीटर बाय १० मीटरचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात जिवंत खुंट आणि आपोआप आलेली रोपं जातवार मोजा. आकड्याला १०० ने गुणलं की हेक्टरी अंदाज मिळतो. चौकोनाच्या कोपऱ्यांवर दगड रंगवून ठेवा, पुढच्या वर्षी तिथेच मोजायचं आहे.

जिथे खुंट भरपूर आहेत, तिथे खड्डे खणू नका. तिथे फक्त राखण हवी. जिथे काहीच नाही, तेवढ्याच जागी लागवडीचा विचार करा.

तिसरी पायरी : बंदीआधी बैठक

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द मराठी गावांना नवे नाहीत. ज्या गावांत ती मोडली, तिथे बहुतेक वेळा शेळ्या-मेंढ्या असणाऱ्यांना विचारलेलंच नव्हतं. दहा शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला उद्यापासून माळ बंद म्हणून सांगितलं, तर ती रात्री येईल. तिची चूक म्हणता येणार नाही.

म्हणून माळाचे तीन भाग करा. पहिली तीन वर्षं एकच भाग पूर्ण बंद ठेवा आणि उरलेले दोन चराईला मोकळे राहू द्या. कोंभ शेळीच्या तोंडाच्या वर गेले की तो भाग उघडा आणि दुसरा बंद करा. सरपणासाठी वाळलेली लाकडं आणि दिवस ठरवून द्या. बंद भागातल्या गवताचा पहिला हक्क ज्यांची चराई थांबली त्यांना द्या.

राखणदार गावातलाच असावा आणि त्याला मोबदला मिळावा. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने अशीच गावाची राखण आणि गावाचा दंड यांवर जंगल उभं केलं. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याने नियम आधी स्वतःला लावले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चौथी पायरी : पाणी अडवा, आग टाळा, कोंभ विरळा

उतारावर सलग समतल चर आणि ओघळींत दगडी बांध घाला. चराच्या रेषेत जिवंत खुंट आला तर तिथे चर थांबवा आणि पलीकडून पुन्हा सुरू करा. मुळं तोडून पाणी अडवण्यात अर्थ नाही. ही कामं रोजगार हमीच्या आराखड्यात बसवा. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्याने रोजगार हमीवर दिवस काढले आहेत.

गवत कापून झालं की फेब्रुवारीच्या आत माळाच्या कडेने जाळरेषा काढा, म्हणजे काही मीटर रुंदीचा पट्टा साफ करा. नवं गवत लवकर यावं म्हणून माळ पेटवण्याची सवय मोडायला हवी. एका वणव्यात तीन वर्षांचे कोंभ जातात.

एका खुंटाला दहा-बारा कोंभ येतात. दुसऱ्या वर्षी त्यातले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे छाटा. जमीन वनखात्याची असेल तर यासाठी लेखी परवानगी घ्या. रिकाम्या जागी लिंब, हिवर, बोर, खैर, धावडा, पळस अशी इथलीच झाडं लावा. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावून आकडा फुगतो, पण मूळचं जंगल परत येत नाही.

पाचवी पायरी : उत्पन्न त्याच्या क्रमाने घ्या

पहिल्या वर्षी गवत येतं. मारवेल, पवन्या आणि शेडा फुलोऱ्यात असताना कापा, कारण नंतर ते निबर होतं. कुसळी बी धरण्याआधीच कापावी, नाहीतर तिची कुसळं जनावरांच्या तोंडात रुततात. दर घरामागे ठरावीक विळे ही पद्धत सोपी पडते.

पावसाळ्यात करटुली, कुर्डू आणि तरोटा या रानभाज्या आठवडी बाजारात विकल्या जातात. तरोट्याच्या बियांनाही गिऱ्हाईक असतं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी-द्रोणांचं काम बचत गटांना घरी बसून करता येतं. धावड्याचा डिंक घेताना खोल घाव घालू नका आणि उत्पन्न वाढवणारी रसायनं टोचू नका. ती पुढे झाडाच्या जिवावर येतात. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात भाजतात, त्यांना गटाच्या पैशातून हातमोजे द्या.

आपल्या माळाचं मोठं धन सीताफळ आहे. त्याचा पाला शेळ्या-गुरं खात नाहीत, म्हणूनच ते उजाड टेकडीवरही टिकलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा हंगाम. फळाचे डोळे उघडले, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळसर पांढऱ्या झाल्या, की फळ तोडावं. पण गावात स्पर्धा लागते आणि दुसऱ्याच्या हाती जाईल या भीतीने कच्ची फळं उतरवली जातात. ती नीट पिकत नाहीत आणि व्यापारी भाव पाडतो. यावर उपाय गावाने तोडणीची तारीख ठरवणं हाच. फळं एका जागी आणा, तीन आकारांत निवडा, वजनावर विका. पाटीवर विकू नका.

पिकलेलं फळ दोन-चार दिवसांत संपवावं लागतं. उरलेल्याचा गर काढता येतो, पण तो तापवला की कडवट होतो आणि उघडा राहिला की रंग बदलतो. त्यामुळे गोठवण्याची सोय आणि अन्न सुरक्षा नोंदणी झाल्याशिवाय गराच्या धंद्यात पैसे घालू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आणि अंबाजोगाईचं सीताफळ संशोधन केंद्र यांचा सल्ला आधी घ्या. पाला मात्र लगेच कामाचा आहे. लिंब, करंज, निर्गुडीबरोबर तो दशपर्णी अर्कात जातो आणि कापूस-सोयाबीनच्या फवारणीत वापरता येतो. बियांची भुकटी डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या, ती डोळ्यांना घातक आहे.

सहावी पायरी : काय घ्यायचं नाही, हेही ठरवा

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वन हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्याने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही बांबूवर उत्पन्न उभं केलं, पण तेंदूपानं तोडणं बंद केलं. पानांसाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात, हे त्यांना दिसलं होतं. आपणही प्रत्येक टेकडीवरची काही सीताफळं, बोरं आणि टेंभरं पाखरांसाठी सोडावीत. पुढचं बी तीच पेरणार आहेत.

जंगल वाढलं की रानडुकरं आणि रोही वाढतील. पिकाचं नुकसान झालं तर लगेच, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा मागा. ही माहिती आधीच सर्वांना द्या, म्हणजे राग जंगलावर निघणार नाही.

सातवी पायरी : हिशेब चावडीवर लावा

समितीचं वेगळं बँक खातं ठेवा. गवत, फळं, दंड यांतून किती आले आणि राखणीवर, मजुरीवर किती गेले, हे दर महिन्याला फळ्यावर लिहा. दर जुलैत रंगवलेल्या दगडांपाशी जाऊन तेच चौकोन पुन्हा मोजा आणि त्याच जागेवरून फोटो काढा. झाडांचा आकडा आणि पैशांचा आकडा एकाच फळ्यावर असू द्या.

सुरुवातीला निधी लागत नाही. एक दोरी, एक वही आणि माळ ओळखणारी चार माणसं पुरेशी आहेत. येत्या ग्रामसभेत हा विषय ठेवा, आणि पहिल्या पावसानंतर टेकडीवर जाऊन खुंट मोजायला सुरुवात करा.